तोडकामाची नोटीस आली, आता काय? सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नागपुरात कसा वापरायचा

२४ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने महापालिकेच्या तोडकामाला स्थगिती दिली. न्या. नितीन सांबरे आणि न्या. वृषाली जोशी यांच्यापुढे ते प्रकरण होतं. आदेश पोहोचेपर्यंत एक घर पूर्ण पडलं होतं, दुसऱ्याचं तोडकाम मध्येच थांबलं. त्यानंतर एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची बिनशर्त माफी मागितली. तोडकामाआधी काय करायचं ते ठरवून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं परिपत्रकच आलं नव्हतं, त्यामुळे अधिकाऱ्यांना तो माहीत नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. घर पडलं त्या दिवशी तो निकाल चार महिने जुना होता.

ही कारवाई मार्चमधल्या दंगलीनंतरची, म्हणून तिची बातमी झाली. पण तोडकामाच्या नोटिसा वर्षभर निघत असतात. कुणी मानेवाड्याच्या लेआउटमध्ये मंजुरी नसलेला एक मजला चढवलेला असतो, कुणाच्या हाती विक्रीपत्र असतं पण आखीव पत्रिका (नगर भूमापनाचा मिळकतीचा उतारा) नसते, कुणाचं गुंठेवारीचं, म्हणजे बिनमंजुरीच्या लेआउटमधला प्लॉट नियमित करण्याचं, प्रकरण कित्येक वर्षं फाइलीत पडून असतं. अशा घरांना १३ नोव्हेंबर २०२४ चा हा निकाल सगळ्यात जास्त उपयोगी आहे आणि नेमका त्यांनाच तो ठाऊक नसतो.

न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तो दिला. २०२४ आयएनएससी ८६६ या क्रमांकाने सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. पानं ९५ आहेत. पहिला मोठा भाग तत्त्वांचा आहे: सरकारी अधिकारी न्यायाधीश होऊ शकत नाही, घरातल्या एकावर गुन्हा दाखल झाला म्हणून सगळ्या कुटुंबाचं छप्पर काढता येत नाही, निवारा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो भाग वाचावा, मन लावून वाचावा. पण नोटीस आल्याच्या दिवशी कामाची असतात ती शेवटची पानं. तिथे न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालचा आपला विशेष अधिकार वापरून देशभरासाठी निर्देश दिले आहेत. माझ्या मते या निकालाचं मोठेपण तिथेच आहे. निवाऱ्याचा हक्क त्याने तारखा, पोचपावत्या आणि इमेल यांच्या भाषेत उतरवला. तारखा सांभाळल्या तर हक्क टिकतो, आणि त्या कशा सांभाळायच्या ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी बघा, हे संरक्षण तुम्हाला आहे का

निकालातच दोन अपवाद आहेत. रस्ता, गल्ली, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरचं, रेल्वेमार्गाला लागून असलेलं किंवा नदी-जलाशयालगतचं अनधिकृत बांधकाम, हा पहिला. न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिलेलं बांधकाम, हा दुसरा. अशा बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.

नागपुरात पहिला अपवाद फार ठिकाणी आडवा येतो. नाग नदी आणि पिवळी नदी शहराच्या मधून वाहतात, काठाला वस्त्या आहेत, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नदीपात्रातल्या अडथळ्यांचा विषय सतत ऐरणीवर आहे. अजनी, इतवारी भागात रेल्वेच्या हद्दीला टेकून घरं आहेत. तुमचं घर अशा जागी असेल तर पहिली लढाई हद्दीची. घर खरंच नदीच्या किंवा रस्त्याच्या जागेत आहे का, हे नगर भूमापनाच्या नकाशावरून आणि मोजणीवरून ठरतं, कनिष्ठ अभियंत्याच्या नजरेवरून नाही. मोजणी केव्हा झाली, तिची प्रत कुठे आहे, हे लेखी विचारा.

रस्ता रुंदीकरणाच्या नावाखाली घर पाडायला निघाले असतील तर त्याच महिन्यातला आणखी एक निकाल हाताशी ठेवा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजच्या प्रकरणात घरमालकाला २५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. रुंदीकरणाआधी काय करायचं तेही सांगितलं: अभिलेखातली रस्त्याची मूळ रुंदी पाहा, सर्वेक्षणातून अतिक्रमण किती ते ठरवा, नोटीस द्या, हरकतींवर कारणांसह निर्णय घ्या. आणि जागा मालकाचीच असेल तर रीतसर संपादन करा.

फुटपाथवर राहणाऱ्यांच्या बाबतीत १९८५ चा ओल्गा टेलिस निकाल नेहमी सांगितला जातो, अनेकदा अर्धवट सांगितला जातो. उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो हे पाच न्यायाधीशांच्या त्या घटनापीठाने मान्य केलं. पण फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क दिला नाही. बाजू ऐकून घेणं हा नियम आणि न ऐकता हटवणं हा अपवाद, एवढं मात्र त्यातून पक्कं मिळतं. झोपडपट्टी घोषित असेल, घर १ जानेवारी २००० पूर्वीचं असेल, तर १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. त्याचे पुरावे वेगळे जमवावे लागतात. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ चा, तोही वेगळाच.

नोटीस घेताना

हा टप्पा मी मुद्दाम लांबवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

निकालानुसार नोटीस मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने यायला हवी, शिवाय घराच्या बाहेरच्या बाजूला ठळकपणे चिकटवायला हवी. दोन्ही हवं. नुसतं भिंतीवर डकवून भागत नाही. १ एप्रिल २०२५ रोजी प्रयागराजच्या प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी या डकवण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आणि घरं पडलेल्यांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यायला लावले. २०२५ मध्येच टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे आता पाकीट स्पीड पोस्टचं दिसलं तर गोंधळू नका.

पाकीट आलं की घाईने फाडू नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टपालाचा शिक्का, बारकोड, त्याखालचा क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. मग शिक्का नसलेल्या कडेने उघडा. आता नोटिशीवरची तारीख आणि जावक क्रमांक पाहा, आणि पाकिटावरची तारीख पाहा. नोटिशीवर ३ तारीख, टपालाच्या शिक्क्यात १९, आणि घरी पोहोचली २१ ला, असं असू शकतं. तुमचे १५ दिवस २१ पासून मोजायचे, ३ पासून नाही. निकालात स्पष्ट शब्दांत आहे की मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून सुरू होते. त्या बारकोडखालचा क्रमांक टाकून टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचं ट्रॅकिंग काढा आणि त्याच दिवशी छापून ठेवा. पाकीट नोटिशीला टाचून फाइलीत.

जुनी तारीख टाकून नोटीस काढण्याची खोड न्यायालयाला माहीत होती, म्हणून एक बंदोबस्त केला आहे. नोटीस बजावली की लगेच तिची खबर इमेलने जिल्हाधिकारी कार्यालयाला गेली पाहिजे आणि तिकडून आपोआप पोच आली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने एक समन्वय अधिकारी नेमून इमेल पत्ता ठरवायचा आहे. म्हणजे तुमच्या नोटिशीची खरी तारीख सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या इनबॉक्समध्ये असायला हवी. ती मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि एकच प्रश्न: अमुक जावक क्रमांकाच्या नोटिशीची खबर आपल्या कार्यालयास कोणत्या तारखेला, किती वाजता मिळाली, तिची व आपोआप गेलेल्या पोचेची प्रत द्यावी. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तुमची मुदत १५ दिवसांची आहे, म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका. उत्तर आलं नाही तरी अर्जाची पोच याचिकेला जोडता येते. आणि तशी खबर गेलीच नव्हती असं उत्तर आलं, तर त्याहून चांगला कागद तुमच्याकडे दुसरा नसेल.

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. ‘घेतलीच नाही तर लागूच होत नाही’ असा सल्ला वस्तीत हमखास कुणीतरी देतं. तो घातक आहे. नाकारलेलं टपाल बजावलं गेलं असंच धरलं जाऊ शकतं, आणि आत काय लिहिलंय हे मात्र तुम्हाला कळत नाही.

नोटीस वाचताना

वर कुणाचं नाव आहे ते पाहा: महापालिकेचं झोन कार्यालय, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). उत्तर तिथेच द्यायचंय. मग कलम पाहा. सहसा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६० किंवा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचं ५३ ते ५५ पैकी काही असतं. ५३ च्या काही नोटिसा २४ तासांच्या असतात आणि माणसं तिथेच खचतात. पण निकाल म्हणतो, स्थानिक कायद्यातली मुदत किंवा १५ दिवस, यातलं जे नंतर येईल ते. २४ तास आणि १५ दिवस यात नंतर काय येतं हे सांगायला वकील लागत नाही.

नोटिशीत चार गोष्टी असायलाच हव्यात: अनधिकृत बांधकामाचं स्वरूप, नेमका भंग कोणता आणि तोडण्याची कारणं काय, तुम्ही कोणते कागद सादर करायचे त्याची यादी, आणि सुनावणीची तारीख व ती कुणापुढे. ‘आपण विनापरवानगी बांधकाम केले आहे’ एवढ्या एका ओळीची नोटीस या कसोटीला उतरत नाही. जे नाही ते पेन्सिलने नोटिशीच्या झेरॉक्सवर समासात लिहून काढा. उत्तराचा अर्धा मसुदा तिथेच तयार होतो.

उत्तर

मुदतीच्या आत, लेखी, आणि आवक विभागाचा शिक्का असलेल्या दुसऱ्या प्रतीसह. साहेब नाहीत, उद्या या, असं म्हणाले तर त्याच दिवशी टपालाने आणि इमेलनेही पाठवा.

मजकूर साधा ठेवा. असा काहीसा:

“आपली जावक क्र. … दि. … ची नोटीस मला दि. … रोजी टपालाने मिळाली (पाकिटाची प्रत सोबत). सर्वोच्च न्यायालयाच्या दि. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार नोटिशीत भंगाचा नेमका तपशील, आवश्यक कागदांची यादी व सुनावणीची तारीख नमूद नाही. ती देऊन मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी. माझे बांधकाम पूर्णतः वा अंशतः नियमित होऊ शकते का, याचा विचार करावा. निकालाची प्रत सोबत जोडत आहे.”

ती शेवटची ओळ विसरू नका. निर्देशांची पानं छापा, उत्तराला जोडा, प्रत्येक पानावर आवकचा शिक्का मागा. अनुच्छेद १४१ नुसार निकाल देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहेच आणि अनुच्छेद १४४ नुसार प्रत्येक प्राधिकरणाने न्यायालयाला साह्य करायचं आहे. परिपत्रक आलं का नाही याने काही फरक पडत नाही. तरीही ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर याच शहरात उच्च न्यायालयापुढे दिलं गेलंय. शिक्का मारलेली प्रत तुमच्याजवळ असली की तुमच्या बाबतीत ते उत्तर कुणालाच देता येणार नाही. पाच-दहा झेरॉक्सचा खर्च आहे.

सोबत काय जोडायचं? विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा असेल तर तो, आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र), मालकी पट्टा, घरटॅक्सच्या पावत्या, विजेची जुनी बिलं. शेवटच्या दोघांबद्दल गैरसमज फार आहे. टॅक्स भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. त्या पावत्या तुम्ही केव्हापासून राहता आणि बांधकाम कधीचं आहे एवढंच सांगतात. तेही महत्त्वाचं असतं, पण त्याच भरवशावर बसू नका.

नियमित करण्याचा मार्ग खुला असेल तर तो उत्तराबरोबरच धरा. एमआरटीपीच्या कलम ५३ ची नोटीस असेल तर त्याच कलमात सोय आहे: नोटिशीच्या मुदतीत कलम ४४ खाली बांधकाम राखण्याच्या परवानगीचा अर्ज केला, तर त्यावर निर्णय होईपर्यंत ती नोटीस पुढे रेटता येत नाही. हा अर्ज वास्तुविशारदामार्फत, नकाशासह करावा लागतो, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याला गाठा. गुंठेवारीतल्या, म्हणजे ५७२ आणि १९०० लेआउटवाल्यांनी आपल्या अर्जाची जुनी पोच आणि डिमांड भरल्याची पावती शोधून काढावी. गुंठेवारी कायदा २००१ चा असला तरी २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली आहेत.

भाडेकरूंनी गप्प बसू नये. निर्देशांत मालक आणि तिथे राहणारा, दोघांचाही उल्लेख आहे. मालक लक्ष देत नसेल तर स्वतःच्या नावाने उत्तर द्या.

सुनावणी

ठरलेल्या दिवशी जा, सोबत एक माणूस न्या. तोंडी बोललेलं हवेत विरतं, म्हणून मुद्दे लिहून न्या आणि तो कागदही आवक करा. सुनावणीचं इतिवृत्त नोंदवणं बंधनकारक आहे. ते वाचल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर तर मुळीच नाही. तुमचा एखादा मुद्दा त्यात आला नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहा, ‘कलम ४४ च्या अर्जाचा मुद्दा मांडला, नोंद नाही’, आणि मग सही करा.

अंतिम आदेश आणि त्यानंतरचे १५ दिवस

आदेशात तुमचं म्हणणं काय होतं आणि ते का पटलं नाही हे यायला हवं. बांधकाम दंड घेऊन नियमित होण्याजोगं आहे का, नसेल तर का नाही, तेवढाच भाग पाडून भागणार नाही का, आणि तोडणं हाच एकमेव मार्ग का, याचीही कारणं हवीत. माझ्या मते सगळ्या निर्देशांत हा सर्वांत धारदार आहे. अनधिकृत मजला एक आणि पाडायला निघाले अख्खं घर, तर आदेशातला हाच परिच्छेद कोरा सापडतो.

आदेश मिळाल्यापासून १५ दिवस त्याची अंमलबजावणी करता येत नाही. कायद्यात अपिलाची तरतूद असो वा नसो. या दिवसांत अपील असेल तिथे अपील, नाहीतर नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. दिवाणी न्यायालयात दावा टाकून स्टे घेऊ, असं अनेकांना वाटतं, पण एमआरटीपीच्या कलम १४९ मुळे तो रस्ता बहुतेक वेळा अडतो आणि मोलाचे दिवस जातात. मुदत कुठल्या वारी संपते ते कॅलेंडरवर पाहा. शनिवार-रविवारी किंवा दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत संपत असेल तर वकिलाला तसं आधीच सांगा, म्हणजे तातडीने सुनावणी मागता येईल.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक ३ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर. हेल्पलाइन १५१००. घर आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा, सोपं जातं.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. या निकालाने बेकायदा बांधकाम कायदेशीर केलेलं नाही. महिनाभरानेच, १७ डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने मेरठच्या प्रकरणात बजावलं की नुसतं वर्षानुवर्षं उभं आहे किंवा अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली, म्हणून असं बांधकाम वैध ठरत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचा. तुम्हाला मिळतो तो ऐकून घेतलं जाण्याचा हक्क, वेळ, आणि स्वतःहून अनधिकृत भाग काढण्याची संधी. तीही आदेशानंतरच्या त्याच १५ दिवसांत. काही वेळा पुढची गॅलरी किंवा वरचा पत्र्याचा मजला स्वतः उतरवणं हाच घर वाचवण्याचा शहाणपणाचा मार्ग असतो, आणि प्रामाणिक वकील तुम्हाला तो सांगेल.

जेसीबी दारात आला तर

अंगावर जाऊ नका, यंत्रापुढे झोपू नका, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला की मूळ मुद्दा बाजूला पडतो. शांतपणे तीन गोष्टी मागा: अंतिम आदेशाची प्रत, दोन पंचांच्या सह्यांचा पाहणी अहवाल, आणि चित्रीकरण कोण करतंय त्याचं नाव. आदेश, अहवाल आणि चित्रीकरण, तिन्ही निर्देशांतच आहेत. स्थगिती असेल तर तिची प्रत दाखवा आणि पथकप्रमुखाच्या मोबाइलवर तिथल्या तिथे पाठवा. वकिलाने ती आधीच आयुक्त, झोनचे सहायक आयुक्त आणि पोलीस ठाणे यांना इमेल केलेली असावी. घरातल्या एकाने फक्त व्हिडिओ करायचा, काही बोलायचं नाही. गाडीचा नंबर, माणसांच्या छातीवरची नावपट्टी, भिंतीवरचं घड्याळ दिसू द्या.

घर पडल्यानंतर

मलबा हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. आत काय होतं त्याची यादी त्याच दिवशी करा, शिलाई मशीन, पुस्तकं, गॅस शेगडी, मुलांचे दाखले, सगळं. शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. मग महापालिकेकडून तोडकाम अहवाल आणि चित्रीकरणाची प्रत मागा. त्या अहवालात हजर पोलीस आणि कर्मचाऱ्यांची नावं द्यायची असतात, आणि व्हिडिओ जपून ठेवणं बंधनकारक आहे.

निर्देश मोडून पाडलं असेल तर जबाबदार अधिकाऱ्याने स्वखर्चाने पूर्ववत करून द्यायचं आणि वर नुकसानभरपाई द्यायची, असं निकाल सांगतो. त्यासाठी नागपूर खंडपीठात रिट याचिका करा आणि संबंधित अधिकाऱ्याला नावानिशी, वैयक्तिकरीत्या प्रतिवादी करा. नुसती ‘महानगरपालिका’ प्रतिवादी ठेवली तर पैसा तुमच्या-आमच्या करातून जातो आणि निर्देशाचा हेतूच संपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा अवमान झाला म्हणून अवमान याचिका करायची तर ती सर्वोच्च न्यायालयातच करावी लागते, आणि तिची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. घर पडल्याची तारीख फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.